गाडी वर्कशॉपमध्ये, मग भाडं कोण देणार?

नागपूरच्या तुकडोजी पुतळा चौकात सिग्नल लाल होता, मी थांबले होते आणि मागून टाइल्सची खोकी भरलेली पिकअप येऊन आदळली. अपघाताची हकीकत एवढीच. कोणाला लागलं नाही. सासूबाई गाडीत नव्हत्या. त्यांना डायलिसिस सेंटरवरून आणायला मी निघाले होते. पिकअपचा ड्रायव्हर, विशी-बाविशीचा पोरगा, उतरून आधी टाइल्स बघायला गेला आणि मग माझ्याकडे आला. "ताई, ब्रेक दाबला न मी, पण लागलाच नाही. मालकाले फोन लावून देतो, तुम्ही बोला."

डिक्कीचं दार आत गेलं होतं, बंपर एका टोकाने लोंबत होता, डाव्या दिव्याचा चुरा झाला होता आणि डिक्कीखालचा पत्रा चाकाला घासत होता. दुरुस्तीच्या क्लेमबद्दल लोक भरपूर सांगतात, एजंटही सांगतो. मी लिहितेय ते गाडी वर्कशॉपमध्ये पडून असताना जे भाडं आपल्या खिशातून जात राहतं त्याबद्दल. आमच्या घरात तो खर्च दुरुस्तीच्या आमच्या वाट्यापेक्षा जास्त झाला, आणि तो द्यायला पहिल्या दिवशी कोणीही बांधील दिसत नव्हतं.

एप्रिल संपत आला होता. नागपूरचा एप्रिल-मे ज्यांनी काढलाय त्यांना वेगळं सांगायला नको. सासूबाईंचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा, रामदासपेठेत, आणि आम्ही राहतो मानेवाड्याच्या पुढे. चार तास मशीनवर राहिल्यावर बीपी खाली येतं, पाय लटपटतात, पाणी मोजूनच प्यायचं असतं. अशा माणसाला दुपारी एक वाजता ऑटोत बसवून मेडिकल चौकातल्या गर्दीतून आणणं मी एकदा केलं, अपघाताच्याच दिवशी, कारण दुसरा उपाय नव्हता. घरी आल्यावर त्या पलंगावर पडल्या त्या रात्रीपर्यंत उठल्या नाहीत. नवरा चंद्रपूरला नोकरीला, शनिवार-रविवारी येतो. म्हणजे गाडी चालवणारी मी, हिशेब ठेवणारीही मीच. धरमपेठेतल्या एका ऑफिसात अकाउंट्सचंच काम करते.

चौकातच मी फोटो काढले: दोन्ही गाड्या, नंबर प्लेटा, सिग्नलचा खांब, रस्त्यावरच्या काचा. पिकअपचा नंबर एमपरिवहन ॲपमध्ये टाकला, तर तिचा विमा चालू असल्याचं दिसलं. मालक फोनवर फार गोड बोलला. "पोलिसात कायले जाता ताई, आपण घरचेच लोक आहो, पाहून घेऊ." त्याचा सूर खरा वाटला, तरी ठाण्यात गेले. जखमी कोणी नाही म्हटल्यावर तिथे उत्साह नव्हता, उलट चौक नेमका कोणाच्या हद्दीत यावर थोडी चर्चा झाली. शेवटी स्टेशन डायरीत नोंद झाली, त्यात पिकअपचा नंबर, ड्रायव्हरचं नाव आणि 'थांबलेल्या वाहनास मागून धडक' एवढे शब्द आले. मला तेवढेच हवे होते. पुढे सगळ्या बोलण्यांत तो कागद कामी आला.

विमा कंपनीला कळवलं, क्लेम नंबर मिळाला, गाडी टो करून हिंगणा रोडवरच्या वर्कशॉपला गेली. तिथपर्यंत सगळं व्यवस्थित. मग मी फोनवरच्या मुलीला विचारलं, "गाडी दुरुस्त होईपर्यंत मला दुसरी गाडी घ्यावी लागेल, तिचं भाडं?" ती म्हणाली, "मॅम, तुमच्या पॉलिसीत ते कव्हर नाही." पॉलिसी उघडून वाचली. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विभागात काय मिळणार नाही त्याची यादी असते, आणि तिच्यात अपघातामुळे ओघाने होणारं नुकसान पहिल्याच ओळीत वगळलेलं असतं. घसारा, झीज, यंत्रातला बिघाड हे त्याच्याच शेजारी. गाडीवाचून जो खर्च होतो तो याच ओघाने होणाऱ्या नुकसानीत जातो. साध्या भाषेत, कंपनी पत्रा, काच आणि मजुरी यांचे पैसे देते. तुम्ही ऑफिसला कसे जाता, आजारी माणसाला कसं नेता, हे तिच्या हिशेबात नाही.

एजंटला फोन केला तर तो म्हणाला की यासाठी वेगळं ॲड-ऑन असतं, 'तुम्ही विचारलं नव्हतं'. त्याने पत्रक पाठवलं. रोज ठराविक भत्ता, तोही सुरुवातीचे तीन दिवस सोडून, जास्तीत जास्त दहा दिवस, आणि गाडी कंपनीच्या यादीतल्या वर्कशॉपमध्ये असली तरच. प्रत्येक कंपनीचे आकडे वेगळे असतात, काही जण रोख भत्त्याऐवजी टॅक्सीची कूपनं किंवा बदली गाडी देतात. पण मी त्याच पत्रकावर पेन्सिलने हिशेब केला तेव्हा दिसलं की ते घेतलं असतं तरी आमचं जेमतेम पाव-एक भाडं निघालं असतं. वर्कशॉपमध्ये बंपर रंगवायला गेलेल्या गाडीसाठी ते ठीक आहे. डिक्कीचा पत्रा कापून नवा जोडायचा असेल तर दहा दिवसांत, नुकसान तपासायला विमा कंपनी पाठवते त्या सर्व्हेयरचा अहवाल आणि पार्ट यांचीच वाट पाहून होते.

धाकटा दीर टेक्सासमध्ये असतो. त्याला हे सांगितलं तर त्याला पटेचना. तिकडे त्याच्या गाडीला कोणीतरी ठोकलं होतं तेव्हा समोरच्याच्या विमा कंपनीने दुरुस्तीच्या काळाचं वाजवी भाडं भरलं होतं, आणि त्याच्या स्वतःच्या पॉलिसीतही भाड्यासाठी रोजची मर्यादा ठरलेलं कलम होतं. "वहिनी, त्याच्या कंपनीला सरळ फोन करा ना," म्हणाला. इथे तसं होत नाही. पिकअपच्या विमा कंपनीला मी फोन केलाही, तर त्यांनी सभ्यपणे सांगितलं की त्रयस्थ व्यक्तीचा दावा असेल तर ट्रायब्युनलमध्ये या.

ट्रायब्युनल म्हणजे मोटार अपघात दावा न्यायाधिकरण. आपल्याला वाटतं ते फक्त मृत्यू आणि जखमींसाठी असतं. माझी शाळेतली मैत्रीण सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयात असेच दावे चालवते, तिने एका संध्याकाळी मला सगळं नीट समजावलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६५ प्रमाणे दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीचा दावाही तिथे चालतो, आणि ते नुकसान २००० रुपयांच्या वर असेल तर हवं तर दिवाणी न्यायालयात जाण्याचा पर्यायही असतो. दावा अपघात झाला तिथे, किंवा आपण राहतो तिथे, किंवा समोरचा राहतो तिथे लावता येतो. आमचं तिन्ही नागपूरच. मुदत मात्र आता कायद्यात अपघातापासून सहा महिन्यांची लिहिली आहे, ती दुरुस्ती २०२२ च्या एप्रिलपासून लागू झाली. आणि समोरच्याची पॉलिसी वाचल्याशिवाय खूश व्हायचं नाही. व्यापारी गाड्या आणि खासगी कार यांच्या विम्यात दुसऱ्याच्या मालमत्तेसाठी साधारण साडेसात लाखांपर्यंत संरक्षण असतं, पण मालकाने प्रीमियममध्ये थोडी सूट घ्यायची म्हणून ते ६००० रुपयांवर आणून ठेवलेलं असू शकतं. तसं असेल तर सहा हजारांच्या वरचं सगळं मालकाच्या खिशातून.

"भाडं मागता येईल का?" हा माझा खरा प्रश्न. ती म्हणाली, मागता येतं, पण सिद्ध करावं लागतं. गाडी खरोखर लागत होती हे, जी घेतली ती आपल्या गाडीच्या तोडीची होती हे, आणि जेवढे दिवस घेतली तेवढे दिवस आपली गाडी खरंच वर्कशॉपमध्ये होती हे. "हॅचबॅकच्या बदल्यात हॅचबॅक घे. इनोव्हा घेशील तर फरक तुझ्याकडे. आणि बिल कच्चं नको." शेवटची सूचना तिने मला करायची गरज नव्हती.

आता गाडी मिळवण्याचं. पहिल्या आठवड्यात गणेशपेठेतल्या एका ट्रॅव्हल्सकडून ड्रायव्हरसकट गाडी घेतली, कारण पुढचं डायलिसिस तोंडावर होतं आणि चौकशा करायला वेळ नव्हता. आठ तास, ऐंशी किलोमीटर असं पॅकेज, दोन हजारांच्या आसपास. चार तास-चाळीस किलोमीटरचं स्वस्त पॅकेज असतं, पण डायलिसिसच चार तासांचं. नेणं, सुया लावणं, काढणं, रक्त थांबेपर्यंत दाबून बसणं हे धरून ते पुरत नाही. ॲपवरच्या टॅक्सीचा हिशेब सगळ्यांत स्वस्त निघत होता. तो मी सोडून दिला तो दोन कारणांनी: भर दुपारी स्वीकारलेली फेरी ड्रायव्हर रद्द करतात, आणि बऱ्याच गाड्यांच्या डिक्कीत सीएनजीचं सिलिंडर असतं, व्हीलचेअर मावत नाही. हे मी कागदावर लिहून ठेवलं होतं. पुढे मालकाने नेमका हाच प्रश्न विचारला.

ड्रायव्हरवाल्या गाडीतली अडचण अशी की दर खेपेला ड्रायव्हर नवा. सासूबाईंना कुठून धरायचं, डायलिसिसच्या सुया ज्या हाताला लागतात त्या फिस्टुलाच्या हाताला अजिबात ओढायचं नाही, हे प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचं. एक जण उशिरा आला आणि त्या दिवशी त्यांचं मशीनवरचं बसणं कमी करावं लागलं, कारण पुढच्या शिफ्टचा पेशंट दारात येऊन बसला होता. तेव्हा ठरवलं की स्वतः चालवायची गाडीच घ्यायची.

इथे एक ओळखीचे गृहस्थ मदतीला आले. त्यांची दुसरी गाडी घरीच उभी असते. "घेऊन जा वहिनी, रोजचे हजार द्या, एजन्सीपेक्षा स्वस्त." गाडी चांगली होती, घर जवळ होतं. मी नाही म्हटलं. त्यांना थोडं लागलं असेल. पण पांढऱ्या प्लेटची गाडी भाड्याने देणं त्या गाडीच्या विम्यात बसत नाही. खासगी पॉलिसीत भाडं घेऊन वापर वगळलेला असतो. अशा गाडीने मला किंवा मी कोणाला धडक दिली असती तर सगळं आमच्या दोघांच्या डोक्यावर. शिवाय त्या हजाराचं बिल त्यांनी कसलं दिलं असतं? आपण स्वतः चालवायला घेतो त्या अधिकृत भाड्याच्या गाडीला काळी प्लेट असते आणि तिच्यावर पिवळी अक्षरं. शहरात आता बऱ्याच दिसतात, पण लोक त्यांच्याकडे लक्ष देत नाहीत.

वर्धा रोडवरच्या एका एजन्सीकडून काळ्या प्लेटची हॅचबॅक मिळाली. सुट्या दिवसाचा दर सतराशे, आठवड्याच्या बुकिंगला १३०० रोज, पाच हजार डिपॉझिट, पेट्रोल आपलं, रोजच्या किलोमीटरला मर्यादा आणि पुढच्या प्रत्येक किलोमीटरला वेगळे पैसे. मानेवाडा, रामदासपेठ, धरमपेठ यात मर्यादा ओलांडायचा प्रश्नच नव्हता. काउंटरवरच्या मुलाने सवयीने ज्याच्या मोबाइलवरून बुकिंग त्याच्या नावाचं बिल काढायला घेतलं. मी थांबवलं. आमच्या गाडीची आरसी आणि विमा दोन्ही नवऱ्याच्या नावाने, क्लेमही त्याच्याच सहीचा; मग भाड्याचं बिल माझ्या नावाने आलं तर मागणारा एक आणि खर्च करणारा दुसरा असं दिसणार. त्याने बिल नवऱ्याच्या नावाने काढलं, चालक म्हणून माझं लायसन्स जोडलं, जीएसटी नंबर, गाडीचा नंबर, कधीपासून कधीपर्यंत हे सगळं बिलावरच आणलं. आणखी एक ओळ मी त्याच्याकडून लिहून घेतली: 'स्वतःचे वाहन दुरुस्तीस असल्याने'. त्याने कधी तसं लिहिलं नव्हतं, हसला, पण लिहिलं.

गाडी ताब्यात घेताना चारी बाजूंचे, चाकांच्या रिमचे, डॅशबोर्डवरच्या किलोमीटरचे आणि पेट्रोलच्या काट्याचे फोटो काढले. डाव्या दारावर जुना ओरखडा होता, तोही त्यांच्या फॉर्मवर टिपून घेतला. भाड्याच्या गाडीला नुकसान झालं तर एका रकमेपर्यंत भरपाई आपण द्यायची असते, ती रक्कम करारात बारीक अक्षरांत असते. तेवढं एक पान उन्हात उभं राहून वाचायची माझी तयारी होती.

वर्कशॉपकडे काय चाललं होतं? सर्व्हेयर आला, अंदाजपत्रक झालं, काम सुरू झालं. मग मागचं सगळं खोलल्यावर आतला पत्रा आणखी वाकलेला निघाला, म्हणजे पुन्हा अंदाजपत्रक, पुन्हा सर्व्हेयर. मग डिक्कीचं दार कंपनीच्या गोदामातून यायचं राहिलं. रोज संध्याकाळी फोन, रोज तेच उत्तर, "मॅडम, उद्या येऊन राहिलं." भाड्याचं मीटर तिकडे चालू. सीताबर्डीवरून मेट्रोच्या ॲक्वा लाइनने लोकमान्य नगरकडे जाऊन मी वर्कशॉपमध्ये स्वतः उभी राहिले, तेव्हा सुपरवायझरने पार्टची ऑर्डर दाखवली. दार मागवल्याची तारीख, आल्याची तारीख आणि जॉब कार्डची प्रत मागितली. त्याला वाटलं तक्रार करणार आहे. मला फक्त तारखा हव्या होत्या.

गाडीला चार वर्षं उलटली होती, आणि झिरो डेप, म्हणजे घसारा न कापण्याचं ॲड-ऑन, आम्ही दुसऱ्या वर्षानंतर घेतलं नव्हतं. त्यामुळे क्लेममधून घसारा कापला गेला: प्लास्टिकच्या भागांवर निम्मा, चार ते पाच वर्षांच्या गाडीच्या पत्र्यावर ३५ टक्के, काचेवर काही नाही. त्यात प्रत्येक क्लेमला कापायचे हजार रुपये. आमचा दुरुस्तीतला वाटा सतरा-अठरा हजारांच्या घरात आला. वर नो क्लेम बोनस गेला. चार वर्षं क्लेम नव्हता म्हणून ४५ टक्के सूट मिळत होती, ती पुढच्या नूतनीकरणाला शून्य. आणि भाडं, ड्रायव्हरचा पहिला आठवडा धरून, तेहतीस हजारांच्या आसपास. पेट्रोल मी यात धरलं नाही, ते आपल्या गाडीतही जळलंच असतं.

सगळे कागद घेऊन पिकअपच्या मालकाला भेटायला गेले, सोबत नवरा. टाइल्सचं छोटं दुकान, बाहेर तीच पिकअप उभी, समोरचा बंपर तारेने बांधलेला. त्याने आधी थंड मठ्ठा मागवला आणि मग सुरुवात केली. "ताई, दहा हजार घ्या आन् मिटवा. तुमची गाडी तं इन्शुरन्समधून बनून राहिली."

मी यादी त्याच्यासमोर ठेवली. दुरुस्तीचे जे पैसे विमा कंपनी देणार होती ते मी मागतच नव्हते. जे ती देत नव्हती, तेवढंच यादीत होतं. भाड्याच्या आकड्यावर त्याचं बोट थांबलं. "डायलिसिस तं तीनच दिवस म्हणता, मग गाडी रोज काऊन?" प्रश्न अगदी बरोबर होता. आठवड्याचं बुकिंग आणि सुटे तीन दिवस यांचा हिशेब त्याला दाखवला. तीन सुटे दिवस साधारण पाच हजार, सातही दिवस नऊ हजार शंभर. पण सुटी गाडी मिळेलच याची खात्री नाही, प्रत्येक वेळी वर्धा रोडपर्यंत जाऊन आणायची, परत करायची, आणि सासूबाईंना रात्री-बेरात्री दवाखान्यात न्यावं लागतं ते वेगळंच. टॅक्सी का नाही त्याचाही कागद होता. तो मुकाट्याने वाचत राहिला. मग म्हणाला, "आन् पार्ट आला नाही त्याले मी काय करू? दार कंपनीनं उशिरा पाठवलं, ते भाडं माह्यावर काऊन?"

इथे मला थांबावं लागलं. त्याच्या जागी मी असते तर हेच म्हटलं असतं. धडक त्याच्या गाडीची, पण डिक्कीचं दार गोदामात अडकलं त्यात त्याचा हात नाही. आणि माझाही नाही. नवरा म्हणाला की धडक झाली नसती तर दार लागलंच नसतं. दोन्ही खरं आहे, आणि न्यायाधिकरणात यावर किती तारखा पडल्या असत्या कोण जाणे. दाराची वाट पाहण्यात गेलेल्या दिवसांचं भाडं आम्ही निम्मं-निम्मं केलं. वर्कशॉपकडून घेतलेल्या तारखांचा तिथे उपयोग झाला, नाहीतर ते दिवस कोणते यावरच भांडण झालं असतं.

कोर्टाची त्याला भीती होती ती वेगळ्याच कारणाने. ड्रायव्हर पोराकडे साधं एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनाचं, लायसन्स होतं, मालवाहू गाडीचा वेगळा शेरा नव्हता, आणि कोणीतरी त्याला सांगितलं होतं की अशाने विमा कंपनी हात वर करते. मी मैत्रिणीला तिथूनच फोन लावला. तिने सांगितलं की नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिलाय, साडेसात हजार किलोच्या आतली मालवाहू गाडी एलएमव्ही लायसन्सवर चालवता येते. नवरा टेबलाखालून मला पायाने खुणावत होता. आपल्या हातातला मुद्दा आपणच का सोडायचा असं त्याला वाटलं असणार. पण खोट्या भीतीवर घेतलेला होकार पुढच्या हप्त्याला टिकत नाही, हे मी ऑफिसातल्या वसुलीत पुष्कळदा पाहिलंय.

शेवटी चाळीस हजारांवर ठरलं, दोन हप्त्यांत. करारनामा त्याने त्याच्या ओळखीच्या माणसाकडून टाइप करून आणला, शंभरच्या स्टॅम्पच्या हिशेबाने. २०२४ च्या ऑक्टोबरपासून राज्यात असल्या कागदाला पाचशेचं मुद्रांक लागतं, म्हणून तो पुन्हा करावा लागला, आणि बरंच झालं, कारण पहिल्या मसुद्यात एक वाक्य होतं: 'सदर अपघातासंबंधीचे सर्व हक्क व दावे मी सोडून देत आहे'. हे वाक्य सगळ्या तडजोडीच्या कागदांत सवयीने येतं. त्यावर सही केली असती तर घोटाळा झाला असता. दुरुस्तीचे पैसे विमा कंपनीने भरले की धडक देणाऱ्याकडून ते वसूल करायचा हक्क तिच्याकडे जातो. तो मी परस्पर सोडून दिला तर ती माझ्याच क्लेमवर बोट ठेवू शकते. नव्या कागदात आम्ही लिहिलं की ही रक्कम विमा कंपनीकडून न मिळणाऱ्या बाबींपुरती आहे, म्हणजे बदली वाहनाचं भाडं, घसारा आणि क्लेममधली कपात. विमा कंपनीच्या हक्कांना बाधा नाही. मालकाला या वाक्याचं काही वाटलं नाही. त्याला आकडा आणि तारखा कळल्या, पुरे होतं. क्लेम हाताळणाऱ्या माणसालाही मसुदा मेल करून त्याचं उत्तर घेतलं, मगच सह्या.

नो क्लेम बोनस यादीत होता, तो मात्र मालकाने मान्य केला नाही, आणि मी फार ओढून धरलं नाही.

गाडी आली ती नीट आली. डिक्की आता आधीपेक्षा हलक्या हाताने बंद होते. भाड्याची गाडी त्याच संध्याकाळी परत केली. डाव्या दारावरच्या ओरखड्याचे पैसे कापायला एजन्सीचा मुलगा निघाला होता, त्याला त्याचाच फॉर्म दाखवला. डिपॉझिट आठवड्याभरात पूर्ण परत आलं.

पहिला हप्ता ठरल्या दिवशी आला. दुसरा लांबला, मग आला तो दोन हजारांनी कमी. फोन केला तर मालक म्हणाला, "ताई, तेवढे सोडा न आता. पोराच्या पगारातून महिन्याले कापून राहिलो, त्याच्याकडून अजून निघाले नाही." म्हणजे चाळीसातले काही हजार तो त्या टाइल्स मोजणाऱ्या पोराकडून काढत होता, आणि हे मला आत्ता कळत होतं. मी म्हटलं, दोन हजार सोडले, पण मग त्याच्या पगारातून पुढे काही कापू नका, ब्रेक तुमच्या गाडीचे होते. "नाही कापत, नाही कापत," म्हणाला. खरंच कापले की नाही हे कळायला मला मार्ग नाही. मी वहीत दोन हजार सूट म्हणून लिहिले आणि खातं बंद केलं.